टाकीत एकच मासा का?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण टाकीसमोर थबकतो आणि चहा येईपर्यंत तोच प्रश्न विचारतो: "एवढ्या टाकीत एकच मासा? करमतं का हो त्याला?" वरच्या मजल्यावरच्या काकू तर म्हणतात, "भाऊ, त्याचं लग्न लावून द्या ना!" तुम्ही विचारलंत म्हणून नीटच सांगतो.

हा ब्लू डॅमसेल. पूर्ण वाढला तरी बोटाएवढा, फार तर ८ सेंटिमीटर. मूळ फिलिपिन्स, इंडोनेशियाकडच्या प्रवाळखडकांतलं. आमच्याकडे डाव्या अंगाचा दगड त्याचा. दगडाखालची वाळू तोंडात भरून बाहेर नेऊन थुंकायची, हे त्याचं रोजचं काम. गोगलगाय त्या बाजूला सरकली की तिच्या शिंगांना टोचे मारून तिला वळायला लावतो. काच पुसायला हात घातला तर मनगटाला चावतो. दुखत नाही, पण दचकायला होतं. तो स्वतः दचकला की मात्र तो झगझगीत निळा रंग काही सेकंदांत काळपट पडतो आणि साहेब बिळात. थोड्या वेळाने पुन्हा निळे होऊन बाहेर.

समुद्रात तो एकटा नसतो, म्हणजे काकूंचं अगदीच चुकत नाही. आसपास माद्या असतात, पलीकडच्या दगडावर दुसरा नर असतो. मादीने बिळात अंडी घातली की राखण बापाची. परांनी वारा घालत तो तिथून हलत नाही. खाणं, आसरा, पोरंबाळं सगळं त्या हातभर जागेत, मग तो तिच्यासाठी भांडणारच. पण समुद्रातलं भांडण लवकर मिटतं. हाकललेला मासा चार हात लांब गेला की विषय संपला. माझी टाकी तीन फुटांची. हरलेला जाणार कुठे? पंपामागे दबून बसतो, तिथेही दिसतोच, म्हणून पुन्हा मार खातो. मग खाणं सोडतो, आणि पुढचं सांगायला नको. सोबत नको असं नाही. त्याला सोसेल एवढ्या अंतरावरची सोबत तीन फुटांत बसत नाही.

"मग मोठी टाकी घ्या." हे सांगणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे पाहुणे असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि ह्याला पाणी हवं २६ अंशांच्या आसपास. मार्चमध्ये पाण्यावर छोटा पंखा सोडला तरी भागतं, कारण आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि त्यातच ते गार होतं. पण त्याच खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याचा जोर ओसरतो. म्हणून एप्रिलपासून चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, आणि त्याचं विजेचं बिल. शिवाय पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोजची तूट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायची. खारं पाणी ओतलं तर लिटरला ३५ ग्रॅम मिठाचं मोजमाप चढतच जातं. भर दुपारी लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावायला धावायचं, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी. टाकी दुप्पट केली की हे सगळं वाढतं, आणि मला नोकरीही आहे.

तुम्हाला चार मासे एकत्र हवे असतील तर डॅमसेल सगळ्यात शेवटी सोडा. काही दुकानदार उलटं सांगतात: हा चिवट आहे, नव्या टाकीतला अमोनिया (घाणीतून पाण्यात उतरणारं विष) सोसतो, आधी ह्यालाच टाका. सोसतो खरा, पण तोवर अख्खी टाकी त्याच्या नावावर झालेली असते. टाकी मासा न घालताच तयार होऊ द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू आधी तिच्यात वाढू द्या. चार ते सहा आठवडे लागतात. आणि डॅमसेल आधीच आत असेल, तर नवा मासा सोडण्याआधी दगडांची मांडणी पार बदलून टाका. जुनी हद्द मोडली की त्यालाही नव्याने जागा शोधावी लागते, आणि तेवढ्यात नवा मासा एखादं बीळ धरून बसतो.