बेंचवरचे होम रन

फँटसी बेसबॉल म्हणजे अमेरिकेतल्या लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा आणि ते मैदानात जे करतील ते आपल्या खात्यात मोजायचं. बुधवार आणि गुरुवार हे त्यातले घातवार. मालिकेतला शेवटचा सामना असतो, संघाला त्याच संध्याकाळी पुढच्या गावी निघायचं असतं, म्हणून खेळ सातऐवजी दुपारी 1 वाजून 5 मिनिटांनी सुरू होतो. आपण ऑफिसात. जेवण झाल्यावर सहज फोन उघडावा, तर आपला सेकंड बेसमन आपल्याच बेंचवर, म्हणजे त्या दिवशी न लावलेल्यांच्या यादीत, बसून दोन होम रन मारून मोकळा झालेला असतो. नावाशेजारी कुलूप लागलेलं, म्हणजे आता हलवायची सोय नाही. बेंचवरचे आकडे हिशेबात धरत नाहीत, पण दाखवतात मात्र सगळे. ते दाखवायचे कशाला, हे कुणीतरी ॲप बनवणाऱ्यांना विचारायला हवं.

फँटसी क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या खेळाची चिकाटी झेपत नाही. तिकडे एक सामना, अकरा नावं, रात्री निकाल, विषय संपला. इथे मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, 30 संघ, प्रत्येकाचे 162 सामने, सुट्टी जवळजवळ नाहीच. जुन्या पद्धतीच्या ऑक्शनमध्ये 260 डॉलरमध्ये 23 जण घ्यायचे, 14 बॅटर आणि 9 पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. सरासरी माणशी 11 डॉलर पडतात. एकावर 45 उडवले की शेवटची पाच-सहा नावं एकेका डॉलरची येतात, आणि त्यात हटकून दुसरा कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, असतो. दोन कॅचर सक्तीचे करणाऱ्याला माणसांविषयी फारशी माया नसावी. हा प्रकार सुरू झाला 1980 मध्ये. लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रमंडळींनी लीगला नाव दिलं ते न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या रेस्टॉरंटवरून. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर यू-हू नावाचं चॉकलेटी पेय ओतायची प्रथाही त्यांचीच. स्वतः ओक्रेंट ती लीग कधी जिंकला नाही म्हणतात. हे ऐकून जरा बरं वाटतं.

होम रन, म्हणजे साधारण आपला षटकार, आणि स्टोलन बेस, म्हणजे पिचरला चकवून पळत गाठलेला पुढचा तळ, या बेरजेच्या गोष्टी. आज नाही मिळाले तर उद्या मिळतील. खरा छळ ईआरएचा, म्हणजे पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांचा, कारण तो भागाकार आहे. इनिंग म्हणजे तीन गडी, आणि समोरच्याशी लढत आठवड्याची. आठवडाभर जपून पिचर लावले, 40 इनिंगमध्ये 14 रन गेले, ईआरए 3.15. शनिवारी लोभ सुटतो. स्ट्राइकआउट, म्हणजे पिचरने स्वतः बाद केलेले बॅटर, थोडे कमी पडताहेत म्हणून वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्यांतून, कुणीतरी उचलायचा, आणि तो दोनच गडी बाद करून 7 रन देऊन परत जातो. ईआरए थेट 4.65. तिथून पुन्हा 3.15 वर यायला 19 इनिंगहून जास्त, त्याही एक रन न देता टाकाव्या लागतात, आणि हातात उरलेला असतो एक रविवार. बरं, त्या पिचरने मिळवून दिलेला स्ट्राइकआउट किती? एक.

दुखापतींना इलाज नाही. अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्याने 2023 मध्ये 41 होम रन आणि 73 स्टोलन बेस केले. पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, पहिल्या नंबरवर त्याला घेणाऱ्याला कोण नावं ठेवणार? मेअखेरीस गुडघा गेला. पण इंज्युरी लिस्टवर गेलेला खेळाडू परवडतो, जागा तरी मोकळी होते. बॅटर किमान 10 दिवस, पिचर किमान 15. वाईट तो ‘डे-टू-डे’वाला. खेळतही नाही आणि लिस्टवरही जात नाही, आठवडाभर पाव्हण्यासारखा बेंच अडवून बसतो.

पण खेळाडूंवर चिडून उपयोग काय, ते आपल्याला ओळखतही नाहीत. वैताग येतो तो मित्रांचा. ट्रेड, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा प्रस्ताव, पाठवला की एकाचं ठरलेलं उत्तर, ‘बघतो’. चार दिवस बघतो, तेवढ्यात आपला माणूस लंगडायला लागतो. दुसरा तीन फुटकळ देऊन एक हिरा मागतो आणि वर म्हणतो, बेरीज करून बघ, तुझाच फायदा आहे. बेरीज बरोबर असते, पण तीन घ्यायचे तर आपल्याकडचे दोन सोडावे लागतात, ते तो मोजत नाही. एवढ्यातून एखादा ट्रेड जमलाच तर बाकीचे दहा जण व्हेटो मारायला टपलेले. व्हेटो लबाडी रोखायला आहे, पोटदुखीसाठी नाही. तो काढून टाकून निर्णय एकट्या कमिशनरवर, म्हणजे लीग चालवणाऱ्या मित्रावर, सोडावा हे उत्तम. फक्त कमिशनर स्वतः खेळत असला की बॅट ज्याची तो आउट होत नाही, हा आपल्या गल्लीतला नियम तिथेही लागू होतो.

क्लोजरचं, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरचं, आणखी वेगळं. त्याच्या नावावर सेव्ह लागायचा तर साधारणपणे आघाडी जास्तीत जास्त तीन रनांची हवी आणि शेवटची पूर्ण इनिंग टाकायला हवी, म्हणजे संघाने फार चांगलं खेळूनही भागत नाही. त्यात मॅनेजरने त्याची जागा दुसऱ्याला दिली की ज्याला ती बातमी आधी दिसली त्याचं फावतं. सुट्टीत अमेरिकेहून पुण्याला आलेल्यांनी तर आशाच सोडावी. न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या 7 वाजून 5 मिनिटांच्या सामन्याला इकडे पहाटेचे 4:35 होतात, आणि लाइनअप जाहीर होतात मध्यरात्री, घर झोपल्यावर. यावर उपाय मोकळ्या खेळाडूंसाठी बंद बोलीचा. प्रत्येकाला वर्षाचे 100 डॉलर, खोटेच, आणि बोल्या रविवारी रात्री एकदम उघडायच्या. मग जागं राहण्याचा फायदा उरत नाही.

सप्टेंबरला मात्र उपाय सापडलेला नाही. अमेरिकन फुटबॉल सुरू झाला की तळाचे दोन-तीन संघ बेवारस होतात. लाइनअपमध्ये महिन्यापूर्वी जखमी झालेला शॉर्टस्टॉप तसाच असतो, आणि शेवटच्या आठवड्यात ज्याची गाठ अशा संघाशी पडते तो फुकट प्लेऑफमध्ये जातो. म्हणून काही लीगमध्ये वर्गणीसोबत डिपॉझिट घेतात, सप्टेंबरभर लाइनअप लावली तरच परत. पैसे बुडाल्याचं कुणी मनावर घेतल्याचं ऐकिवात नाही. उलट पुढच्या फेब्रुवारीत, ‘अरे, ड्राफ्ट कधी ठेवायचा?’ हा ग्रुपवरचा पहिला मेसेज पैसे बुडालेल्या त्याच भल्या माणसाचा असतो.