नकोसं सोनं

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मंडईच्या कोपऱ्यावर झेंडूचे ढीग लागलेले असतात आणि त्यांच्या कडेला, ओल्या पोत्यावर, सोनं. यंदा एक गृहस्थ जुडी उचलून विचारत होते, "मावशी, सोन्याचा भाव काय? कालपेक्षा उतरला का?" हा विनोद दरवर्षी कुणीतरी करतंच आणि मावशीही दरवर्षी नव्याने ऐकल्यासारखं हसते. माझं लक्ष मात्र पानांकडे. ती आपट्याची नव्हतीच, कांचनाची होती.

हे माझं जुनं दुखणं. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि हाताला खरखरीत. कांचनाचं मोठं, मऊ, गुळगुळीत. जुडीत खालीवर करून मी पानं चाचपायला लागलो की घरचे लांब जाऊन उभे राहतात. "सोनं ते सोनं, तू काय कसोटी लावत बसलायस!" तसे दोघे भाऊबंदच. वनस्पतिशास्त्रात दोघांचं घराणं बौहिनिया. स्वित्झर्लंडमध्ये बौहिन आडनावाचे दोन भाऊ होऊन गेले, दोघेही वनस्पतींचे अभ्यासक, त्यांच्यावरून हे नाव पडलं. एका देठावर दोन पाळ्या, म्हणून दोन भाऊ. नाव ठेवणाऱ्याचं कौतुक वाटतं. पण भावाच्या जागी भाऊ पाठवून कसं चालेल?

आमच्या गावी दसऱ्याला शिलंगण म्हणत. उन्हं कलली की पालखी वेशीबाहेर निघायची. पुरुषमंडळींच्या टोपीत घटातल्या धान्याचे तुरे खोवलेले. नऊ दिवस देवघराच्या अंधारात वाढल्यामुळे ते हिरवे नसत, फिकट पिवळे असत, आणि चालताना लवत. वेशीबाहेर आपट्याच्या फांद्यांचा भारा उभा केलेला असे. गुरवाची पूजा आटोपायची, आणि मग लूट. एरवी धोतराला सुरकुती पडू न देणारे मास्तरसुद्धा कोपरं मारत आत घुसायचे. आम्हां पोरांच्या हाती येई ती नुसती काटकी आणि त्यावर तीन-चार पानं. कोल्हापुरात दसरा चौकात हाच सोहळा शाही थाटात होतो, तिथे शमीपूजन छत्रपतींच्या हातचं. पण लुटताना लोकांची तारांबळ तीच. पूजा शमीची आणि लूट आपट्याची, हे कसं झालं असेल? शमीला काटे असतात, एवढंच उत्तर मला सुचतं.

मग घरोघर. आधी देवापुढे, मग आजी, मग गल्ली. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत पाया पडायचं. फाटकं पान मोठ्यांना द्यायचं नाही, हा अलिखित नियम. धडधाकट पानं आम्ही मागे ठेवायचो, कारण कोपऱ्यावरच्या काकू हातावर साखर न ठेवता बेसनाचा लाडू ठेवत. रात्री हिशेब व्हायचा. कुणाकडे किती जमलं? त्यात आपणच दिलेलं पान तिसऱ्याच घरून परत आलेलं निघे. शिरेपाशी कीड लागलेलं असलं की ओळखू यायचं.

आजी गोष्ट सांगायची ती कौत्साची. वरतंतू ऋषींचा हा शिष्य. विद्या पुरी झाल्यावर गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून हटून बसला. गुरू म्हणाले, तुझी सेवा पोचली. हा ऐकेना. शेवटी गुरू चिडले आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी आण म्हणाले. कौत्स गेला रघुराजाकडे, तर राजानं यज्ञात सगळं देऊन टाकलेलं. पाहुण्याला पाणी द्यायलासुद्धा मातीचं भांडं! राजानं कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि रातोरात सोन्याचा पाऊस पडला. आजीच्या गोष्टीत तो गावाबाहेरच्या आपट्यावर पडायचा. पुढे कालिदासाच्या रघुवंशाचा पाचवा सर्ग वाचला तर तिथे सोनं थेट खजिन्यात. झाड कुठेच नाही. मला आजीचं बरं वाटतं; खजिना लुटायला आपल्याला कोण सोडणार होतं?

पण खरी गंमत पुढे आहे. राजा म्हणतो, सगळं तुझ्यासाठी आलंय, घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंचे चौदा कोटी तेवढे पुरेत, वर एक नाणं नको. अयोध्येच्या लोकांना दोघांचंही कौतुक वाटलं, असं कालिदासही सांगतो. आजीच्या गोष्टीत हे उरलेलं सोनं मग लोकांनी लुटलं. म्हणजे देणाऱ्याला परत नको, घेणाऱ्याला जास्त नको, अशा सोन्यावर आपण शतकानुशतकं कोपरं मारत आलो आहोत. एवढ्या भांडकुदळ आपल्या गावांनी सणासाठी हीच गोष्ट कशी निवडली, कोण जाणे.

आणि त्या गुरूंचं काय? त्यांनी तर चिडून तोंडाला येईल तो आकडा सांगितला होता. कालिदासाच्या हिशेबानं शेकडो उंट आणि घोड्या ते धन लादून निघाले. आश्रमाच्या दारात एवढी जनावरं येऊन उभी राहिली तेव्हा वरतंतू काय म्हणाले, त्यांनी ते चौदा कोटी ठेवले कुठे, आणि त्या उंटांना चारा-पाणी कुणी केलं, हे ना कालिदासानं सांगितलं ना आजीनं.