शेडनेटच्या रानावर भाले आणि बंदुका

साधारण १५५० ते १७०० या दीडशे वर्षांत युरोपातील पायदळात दोन प्रकारचे शिपाई शेजारी शेजारी उभे राहत. एकाच्या हाती १६ ते १८ फुटांचा भाला असे आणि दुसऱ्याच्या हाती तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायची बंदूक. बंदूकधारी दुरून मारू शकत होता, परंतु बार भरणे हे त्याच्यासाठी मोठेच काम होते. १६०७ साली नेदरलँड्समध्ये छापल्या गेलेल्या कवायतीच्या एका सचित्र पुस्तकात मस्केट, म्हणजे अशीच एक लांब बंदूक, हाताळण्याच्या ४३ स्वतंत्र कृती दाखविल्या आहेत. त्या पुऱ्या होण्याआधी घोडदळ अंगावर आले, तर त्याचे काही खरे नसे. भालाईत घोडदळाला थोपवून धरत असे, पण गोळीला उत्तर देण्यासाठी त्याच्याजवळ काहीही नव्हते. दोघांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते, आणि घोडदळ, तोफा व हे दुहेरी पायदळ यांची मोट बांधून ठेवणे हेच सेनापतीचे खरे काम होते. छोट्या सैनिकांच्या आकृत्या, फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांमध्ये मला हाच काळ सर्वांत जास्त आवडतो, तो या अडचणीमुळेच.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात हा खेळ खेळणारे आम्ही चौघे आहोत: जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, कृषी केंद्र चालवणारा माझा मित्र, कृषी पदवीचे शिक्षण घेणारा माझा पुतण्या आणि मी. खेळाचा हंगाम उन्हाळ्याचा. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणालाच फुरसत नसते, पेरणीच्या तोंडावर तर नाव काढण्याचीही सोय नाही. परंतु चैत्र-वैशाखात दुपारी बाहेर पडणे अशक्य झाले, की धान्याच्या दोन कोठ्यांवर सहा बाय चारची प्लायवूडची फळी आडवी टाकली जाते, तिच्यावर हिरव्या शेडनेटचा तुकडा अंथरला जातो आणि युरोपातले एखादे मैदान तयार होते. इंग्लंडमधील शेतांच्या काटेरी कुंपणांसाठी भांड्यांच्या जुन्या हिरव्या घासण्या कापून लावल्या आहेत. गुरुजी त्यांना धुरेच (शेताचे बांधच) म्हणतात, आणि लढाईत त्यांचा उपयोगही पुष्कळसा धुऱ्यासारखाच होतो, कारण आडोसा मिळालेला बंदूकधारी तिथून सहजासहजी हलत नाही.

धातूच्या किंवा प्लास्टिकच्या आकृत्या परदेशातून मागवणे आमच्या खिशाला झेपणारे नाही, म्हणून आमचे सगळे सैन्य कागदी आहे. पुतण्याने काढलेली चित्रे तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाड कार्डावर छापून घेतली जातात आणि रात्री जेवणे आटोपल्यावर कात्रीने कापली जातात. आकृतीची उंची २८ मिलिमीटर ठेवली आहे. या मापात १६ फुटांचा भाला सुमारे आठ सेंटिमीटरचा होतो आणि त्यासाठी खराट्याच्या काडीइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल घडवणाऱ्या आमच्या गावच्या सुताराने सागवानाच्या कापांचे तळ करून दिले. तरीही कूलर सुरू केला की अख्खी रेजिमेंट शत्रूची वाट न पाहता आडवी होत असे, तेव्हा प्रत्येक तळाखाली ट्रॅक्टरच्या गॅरेजमधला एकेक जाड वॉशर चिकटवावा लागला. बंदुकीच्या धुरासाठी मात्र आम्हाला कुठेही जावे लागले नाही. ज्या पथकाने गोळीबार केला त्याच्यापुढे सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका ठेवायचा. तो पुंजका दिसतो तोवर बंदुका रिकाम्या आहेत असे समजायचे, आणि एक पूर्ण पाळी बार भरण्यात घालवल्याशिवाय तो उचलता येत नाही. चार पाळ्यांनंतर शेडनेटचे निम्मे मैदान पांढरे झालेले असते आणि कोणाला कोठे धाडावे हे खरोखरच दिसेनासे होते.

आता नियमांविषयी. आमचे नियम इकडूनतिकडून वाचून, खेळून, भांडून तयार झालेले आहेत. त्यातला मुख्य नियम हुकमाचा. प्रत्येक सेनानायकाला एक आकडा दिलेला असतो, समजा आठ. पथकाला काय करायचे ते आधी मोठ्याने सांगायचे आणि मग दोन फासे टाकायचे. बेरीज आठ किंवा त्याहून कमी आली तर पथक हलते, जास्त आली तर ते जागेवरच राहते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी २६ अनुकूल असतात, म्हणजे बऱ्यापैकी सेनानायकाचेही चारातून एकदा तरी कोणी ऐकत नाही. सात आकड्याच्या नायकाला ३६ पैकी २१ च शक्यता मिळतात. बुद्धिबळात घोडा अडीच घरे जातो म्हणजे जातोच. इथे त्याने जावे अशी तुमची इच्छा आहे, एवढेच. नव्या माणसाला याचा फार राग येतो. मला मात्र ज्या खेळात सर्व सैन्य बोटाच्या इशाऱ्यावर चालते तो कितीही देखणा असला तरी युद्धखेळ वाटत नाही.

आमचे सर्वांत मोठे भांडण झाले ते नेसबीच्या लढाईवरून. १४ जून १६४५ रोजी राजा चार्ल्सचे सैन्य आणि इंग्लंडच्या पार्लमेंटचे सैन्य यांच्यात ही लढाई झाली. राजाच्या उजव्या बगलेवर असलेल्या प्रिन्स रूपर्टच्या घोडदळाने समोरची फळी फोडली आणि पाठलाग करत ते थेट शत्रूच्या सामानसुमानाच्या तळापर्यंत निघून गेले. परत येईपर्यंत लढाई हातची गेली होती. दुसऱ्या बगलेवर पार्लमेंटच्या बाजूच्या क्रॉमवेलच्या घोडदळानेही विजय मिळवला, पण त्याने काही पथके हाताशी राखली होती आणि ती वळवून त्याने राजाच्या उघड्या पडलेल्या पायदळावर घातली. मी नियम असा केला होता, की चकमक जिंकल्यावर घोडदळाला थांबवायचे असेल तर रूपर्टला फाशावर सहाच पडला पाहिजे आणि क्रॉमवेलला तीन किंवा जास्त चालेल. गुरुजींनी तो नियम ऐकला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अरे बाप्पा, हा नियम नाही झाला. हा तं निकालच लिहून ठेवला तू. मंग मी खेळू कशाले?”

पुतण्याने माझी बाजू घेतली, कारण क्रॉमवेल त्याच्याकडे होता. परंतु गुरुजींचे म्हणणे असे होते, की रूपर्ट हा जन्मतः बेलगाम आणि क्रॉमवेल हा जन्मतः शिस्तीचा, असे पत्र्यावर कोरून ठेवले तर खेळणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. घोडदळ हातून का सुटते त्याचे कारण नियमात आले पाहिजे. आम्ही त्यावर बराच काथ्याकूट केला. शेवटी ठरले ते असे, की जे पथक प्रत्यक्ष चकमकीत उतरले आहे त्याला पाठलाग करावाच लागेल, मग त्याचा नायक कोणीही असो. मात्र मागे राखून ठेवलेले, चकमकीला न भिडलेले पथक नेहमीच्या हुकमाने वळवता येईल. याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. समोरची फळी एका दणक्यात फोडायची तर सगळी पथके एकदम घालावी लागतात, आणि सगळी घातली की हाती काही उरत नाही. रूपर्ट झालेल्या गुरुजींना आता मोह आवरायचा होता. त्यांना तो आवरला नाही आणि त्यांचे घोडदळ टेबलाच्या कडेवरून थेट तांदळाच्या कट्ट्यापर्यंत गेले. पण या वेळी दोष फाशांना देता येत नव्हता, आणि त्यांनी तो दिलाही नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक नियमाला हीच कसोटी लावतो. इतिहासात काय घडले ते नियमात लिहायचे नाही, ते कशामुळे घडले ते लिहायचे.

ही कसोटी ब्राइटनफेल्डच्या लढाईला लावली तेव्हा खरी मजा आली. जर्मनीतील लायप्सिकजवळ १७ सप्टेंबर १६३१ रोजी स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ आणि त्याचे सॅक्सन मित्र एका बाजूला व पवित्र रोमन सम्राटाचा सेनापती टिली दुसऱ्या बाजूला, असा हा सामना होता. (त्या वेळी शिवाजी महाराज एक वर्ष सात महिन्यांचे होते, दख्खनेत मोठा दुष्काळ पडलेला होता, आणि बुलढाण्याच्या सिंदखेड राजाचे लखुजी जाधवराव यांची दौलताबादेला हत्या होऊन दोनच वर्षे झाली होती. दोन्हीकडचे काळ असे शेजारी ठेवले, की युरोपाचा इतिहास उगीच दूरचा वाटत नाही.) लढाईत सॅक्सन सैन्य लवकरच उधळले आणि स्वीडिश फौजेची डावी बगल उघडी पडली. टिलीचे भालाईत-बंदूकधाऱ्यांचे मोठमोठे चौकोन त्या उघड्या बगलेकडे वळू लागले, पण ते वळण्याआधीच सेनानी गुस्ताव्ह हॉर्नने आपली छोटी पथके फिरवून तेथे नवी फळी उभी केली. सम्राटाच्या बाजूच्या पापेनहाइमने दुसऱ्या बगलेवर घोडदळाचे हल्ल्यामागून हल्ले केले, ते सारे परतवले गेले. तिथे स्वीडिश घोडदळाच्या मध्ये मध्ये बंदूकधाऱ्यांच्या तुकड्या पेरलेल्या होत्या.

सॅक्सन तिसऱ्या पाळीत पळतील, असा नियम करणे सोपे होते. त्याऐवजी आम्ही त्यांना कच्ची पथके ठरवले: पहिला मार बसताच कच्च्या पथकाला धीराची परीक्षा द्यावी लागते, आणि एक पथक पळाले की शेजारच्यालाही तीच परीक्षा द्यावी लागते. वळण्याचा नियमही पथकाच्या खोलीवर बांधला. स्वीडिश पायदळ सहा ओळींचे, म्हणून ते अर्ध्या चालीत वळते. टिलीचे चौकोन त्याहून कितीतरी खोल, त्यांना वळायला एक संपूर्ण हुकूम खर्ची घालावा लागतो. स्वीडिश सैनिक अधिक शूर होते, असे आम्ही कुठेच लिहिलेले नाही. तरीही बहुतेक वेळा लढाई इतिहासाच्या वळणाने जाते आणि टिली झालेल्या माणसाला आपले अवाढव्य चौकोन वळेपर्यंत समोरची फळी उभी राहिलेली पाहावी लागते. एकदा मात्र सॅक्सनांनी प्रत्येक परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली आणि ते शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. कृषी केंद्रवाला मित्र त्या दिवशी टिली होता. “काऊन रे, हे तं पळाले पाहिजेत ना!” म्हणून त्याने पुस्तकातले पान काढून दाखवले, पण कागदी सॅक्सनांनी ते वाचलेले नव्हते.

मग पुतण्याच्या मनाने घेतले, की हेच नियम घेऊन आपल्याकडची लढाई खेळावी. त्याने निवडली १६२४ सालची भातवडीची लढाई. अहिल्यानगरजवळच्या या लढाईत मलिक अंबरच्या निजामशाही फौजेने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला; शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. काळ तोच, बंदुका त्याच तोड्याच्या, तरी आमचे नियम पहिल्या दोन पाळ्यांतच निरुपयोगी ठरले. इथे लांब भाल्यांचे चौकोन नाहीत. बंदूकधाऱ्याचे रक्षण छावणीचा कोट, तोफा किंवा एखादा ओढा करतो, आणि समोरचे हलके घोडदळ चौकोनावर चालून येण्याऐवजी तुमची रसद तोडत हिंडते. चकमकीचे सगळे कोष्टक बाजूला पडले आणि दाणावैरणीचे हिशेब ठेवण्यासाठी तुरीचे दाणे मोजायला घ्यावे लागले. प्रत्येक मोगल पथकाला रोज एक दाणा. छावणीबाहेर चाऱ्याला गेलेली टोळी परतली नाही तर दाणा नाही, आणि दाणा नसेल तर हुकमाचा आकडा एकाने घसरतो.

भातवडीला अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल करून टाकला होता. चिखलात पथकाची चाल निम्मी करावी, असे मी सुचवले होते. यावर मित्र आणि गुरुजी दोघेही हसले. आषाढात काळ्या रानातून चालताना दर चार पावलांनी पायाला लागलेला चिखलाचा गोळा झटकावा लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने निम्मी चाल म्हणणे बरे नव्हे. चाल पाव झाली, तोफा तर हलूच नयेत असे ठरले, आणि नंतरचा खेळ इतका चुरशीचा झाला, की चहा दोनदा निवून गेला. अजून हा खेळ पुरता बसलेला नाही. मोगल खेळणाऱ्याला करण्यासारखे फार थोडे उरते, आणि ज्यात एका बाजूने केवळ उपाशी राहायचे असते तो खेळ पुन्हा मांडायला कोणी उत्सुक नसतो.

सध्या वाद चालू आहे तो रॉक्रोआच्या लढाईचा. १९ मे १६४३ रोजी फ्रेंच सैन्याचा अवघ्या २१ वर्षांचा सेनापती, आंगिएनचा ड्यूक, याने स्पॅनिश सैन्याचे घोडदळ उधळून लावले, परंतु स्पॅनिश पायदळाचे चौकोन एकटे पडूनही हल्ले परतवत राहिले आणि तोफा जवळ आणून त्यांच्यावर डागल्यावरच ते नमले. पुतण्याचे म्हणणे असे, की चारही बाजूंना भाले रोखलेल्या चौकोनावर तोफेशिवाय हल्लाच करता येऊ नये. गुरुजी म्हणतात, हल्ला कोणीही करावा, मात्र ज्याच्या बंदुकांना चारही बाजूंनी जागा आहे आणि ज्याचे भालाईत शाबूत आहेत त्याच्यावर तो महाग पडावा. भालाईत किती उरले ते मोजायचे आणि त्यावरून किंमत ठरवायची. मला गुरुजींचे पटते, पण त्यासाठी प्रत्येक चौकोनातले भालाईत सुटे करता यावे लागतील, म्हणजे आजवर एका तळावर चिकटवलेल्या सगळ्या काड्या उखडून पुन्हा लावाव्या लागतील. सुताराकडे लहान तळांचे काम दिले आहे. पोळ्याआधी त्याला बैलांतून सवड मिळणार नाही, असे त्याने आताच सांगून ठेवले आहे.