गीझर ठणठणीत होता, प्लग जळत होता

गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी आईने हाक मारली, "अरे, काहीतरी जळल्याचा वास येतोय बघ." बघतो तर गीझरचा प्लग हाताला चटका बसेल इतका गरम, आणि एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक पार तपकिरी झालेलं. आमची लालबागची जुनी चाळ, मोरीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटला मागच्या पावसाळ्यात ओल आली म्हणून तो बंद केला आणि गीझर बाहेरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर कन्व्हर्टर प्लग (मोठ्या पिनांचा प्लग छोट्या सॉकेटला बसवणारा) लावून चालवला, तात्पुरता म्हणून, आणि तात्पुरता तात्पुरता म्हणत वर्ष गेलं.

वायरमन आला, म्हणाला गीझरच गेलाय, जास्त करंट खेचतोय, नवीन घ्या. मला पटेना. म्हटलं आधी मोजूया.

प्लग काढून मल्टिमीटरने गीझरचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, बघितला, २६.५ ओहम. व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट, हा ओहमचा नियम १८२७ सालचा आहे आणि आपल्या मोरीतही तसाच चालतो. २३० भागिले २६.५, म्हणजे ८.७ अँपिअर. आता व्होल्टेज गुणिले करंट केलं की पॉवर, आली २००० वॉट, आणि गीझरच्या पट्टीवर पण २०००च छापलेलं! गीझरला काहीच झालेलं नव्हतं.

मग चालू लाइनवरचं मोजमाप वायरमननेच केलं (हे घरी स्वतः करायला जाऊ नका, खरंच). बोर्डाच्या आत २३० व्होल्ट, गीझरच्या टर्मिनलला २२६, वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ८.५ अँपिअर. मधल्या मधे ४ व्होल्ट गायब. वायर तांब्याची, जेमतेम दीड मीटर, ती एवढं खाणार नाही, म्हणजे हे सगळं त्या सैल पिनांमध्ये जात होतं. ४ भागिले ८.५ म्हणजे त्या पिनांचा रेझिस्टन्स, अर्ध्या ओहमहून थोडा कमीच. पण ४ गुणिले ८.५ केलं तर ३४ वॉट! माझी लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची आहे आणि ती सोल्डर आरामात वितळवते, इथे त्याहून जास्त उष्णता रोज सकाळी एका प्लगच्या पोटात.

आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) का नाही पडला तर करंट वाढलेलाच नव्हता, उलट त्या लूज कॉन्टॅक्टमुळे किंचित कमीच झाला होता, मग एमसीबीला कळणार कसं? मला सगळ्यात भीती याचीच वाटली. याच पॉइंटवर आम्ही इस्त्रीही करतो, पण ती १००० वॉटची, करंट निम्मा, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणून निम्म्या करंटला पाव उष्णता, जेमतेम ९ वॉट, कोणाच्या लक्षातही येत नाही.

मोरीतला पॉइंट सुकवून नवीन १६ अँपिअरचं सॉकेट आणि नवीन प्लग टॉप बसवला, स्क्रू नीट आवळून. परत मोजलं तर मधे अर्धा व्होल्टही जात नव्हता. कन्व्हर्टर कचऱ्यात टाकला. शेजारच्या काकू कालच म्हणाल्या त्यांच्या इस्त्रीच्या प्लगची एक पिन काळी पडलीये, संध्याकाळी तो बघायला जातोय.