ओहोटी साडेसातला, सुटका अकराला

माझं माहेर फलटणकडचं. पाणी म्हणजे कॅनॉलला सुटणारं आवर्तन, एवढीच माझी पाण्याशी ओळख. पाटकरी सांगेल त्या रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, पाळी संपली की घरी. लग्न करून बेलापूरजवळच्या दिवाळे गावात आले. पहिल्याच सकाळी जेट्टीवर गेले तर होड्या चिखलात बसलेल्या. दुपारी गेले तर त्याच होड्या पाण्यावर डुलत होत्या. मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, हे पाणी कोण सोडतं?" हा किस्सा ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी हिशेबाची माणूस आहे, दिवसभर बेलापूरच्या एका ऑफिसात ताळेबंद जुळवते. त्यामुळे भरती-ओहोटीचीही वही घातली. वही घातली म्हणजे अक्कल आली असं मात्र नाही.

होळीनंतरचा रविवार होता, वद्य द्वितीया. धाकटा भाऊ आणि वहिनी गावाहून आले होते. त्यांना फ्लेमिंगो दाखवायचे म्हणून नवऱ्याने आमची फायबरची होडी काढली. दुपारी दीडला पूर्ण भरती झाली, दोनला आम्ही निघालो. पनवेल खाडीच्या तोंडाकडे, नेरुळच्या बाजूला चिखलाचे मोठे पट्टे आहेत. भरतीला ते सगळे पाण्याखाली असतात, आणि ओहोटीत जसजसा चिखल उघडा पडतो तसतसे पक्षी खायला उतरतात. म्हणजे पक्षी बघायचे तर पाणी उतरताना तिथे असायला हवं, आणि होडीने परतायचं तर पाणी उतरायच्या आत निघायला हवं. या दोन्हींच्या मध्ये फार तर तासाभराची फट असते. ती आमच्याकडून चुकली.

नवऱ्याच्या मोबाइलवर पूर्ण ओहोटी साडेसातची होती. तो म्हणाला, "अजून साडेतीन तास आहेत." मीही मान डोलावली. तिवरांच्या कडेने एका अरुंद फाट्यात आम्ही होडी घातली होती. जाताना मी बांबू बुडवून बघितला होता, पुरुषभर पाणी होतं. चारच्या सुमारास इंजिनाचा आवाज बदलला. मागे बघितलं तर पंखा काळा चिखल उसळत होता, पुरणासारखा दाट. होडी दोन हात सरकली आणि थांबली.

आता हिशेब सांगते, कारण तो मी त्या रात्री होडीत बसून केला. त्या दिवशी भरती ४.३ मीटरची आणि ओहोटी ०.७ मीटरची होती. फरक ३.६ मीटर. हे पाणी सहा तासांत सारख्या चालीने उतरत नाही. त्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. आमचा एक वाटा ३० सेंटिमीटरचा होता. दीड ते अडीच ३०, अडीच ते साडेतीन ६०, आणि साडेतीन ते साडेचार या एका तासात ९०. म्हणजे चार वाजेपर्यंत जवळजवळ १३५ सेंटिमीटर पाणी गेलं होतं. पुरुषभर पाण्यातून तेवढं वजा करा. गुडघाभरच उरतं, आणि होडीच्या पंख्याला तेवढंच लागतं. साडेतीनपर्यंत आम्ही आरामात फोटो काढत होतो, कारण तोवर पाणी हळूच जात होतं. पुढच्या अर्ध्या तासाने घात केला.

दुसरी चूक त्याहून मजेची. नवरा सगळ्यांना धीर देत होता, "साडेसातला ओहोटी संपते, मग भरती सुरू. पावणेआठला निघू." अहो, साडेसातला पाणी सर्वांत कमी असतं! होडी ज्या पाण्यात टेकली, तेवढं पाणी परत आल्याशिवाय ती सुटत नाही. पूर्ण ओहोटीच्या जितकं आधी अडकलात, साधारण तितकंच नंतर सुटता. आम्ही साडेतीन तास आधी अडकलो होतो, म्हणजे सुटका अकराला.

भाऊ हे ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, पाणी गेलं कुठं?"

"आवर्तन संपलं," मी म्हटलं.

सासऱ्यांना फोन लावला. ते रागावले नाहीत, पण त्यांच्या त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटते. "इंजिन पयला बंद कर," ते म्हणाले. "चिखल खाल्ला का इंजिन मेला समज." आउटबोर्ड इंजिन बाहेरचंच पाणी ओढून थंड होतं, चिखल ओढला की पंप जातो. "कोनी खाली उतरू नको. नांगर खोल पान्याच्या अंगाला टाक." हे तेव्हा कळलं नाही. हालतच नाही त्या होडीला नांगर कशाला? पण रात्री पाणी चढायला लागलं तेव्हा समजलं. होडी तरंगायला लागते त्या क्षणी भरती आणि वारा दोन्ही तिला आणखी आत, आणखी उथळ चिखलात ढकलतात. नांगर खोल बाजूला असला की दोर ओढत तिकडेच सरकता येतं.

उतरायचं नाही हे मात्र लगेच पटलं. भावाने गंमत म्हणून एक पाय चिखलात घातला, तो मांडीपर्यंत गेला. ओढून काढला तेव्हा चप्पल आत राहिली. ती अजून तिथेच असेल.

पाच वाजता सगळीकडे चिखलच चिखल. निवटे, म्हणजे चिखलातले मासे, पुढच्या परांवर सरकत होडीच्या अगदी जवळ आले, डोळे वर करून बघत होते. जवळून बघितलं तर चिखल नुसता काळा नसतो. त्यावर एक निळसर चमक असते, पाणी ओसरताना राहिलेल्या बारीक नागमोडी रेघा असतात, आणि मधूनच बुडबुडा फुटतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. फ्लेमिंगो आले, तीसेक पावलांवर, माना उलट्या करून खात होते. वहिनी म्हणाली, "पैसे वसूल." मग अंधार पडला आणि डास आले. पक्ष्यांची गंमत तिथेच संपली. खायला कुरमुऱ्याचा एक पुडा, पाणी दोन बाटल्या, माझा मोबाइल बारा टक्क्यांवर.

सव्वाअकराला आम्ही जेट्टीला लागलो. सासरे तिथे बसून होते. त्यांनी फक्त विचारलं, "तिथी काय हुती?"

त्यांचं सगळं शास्त्र तिथीवर. तिथीची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, मग शुद्ध असो की वद्य. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि त्यानंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मोबाइल नव्हता तेव्हापासून अख्खा किनारा याच हिशेबावर चालला. मी तो तपासून बघितला. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि तिथी एक दिवसापेक्षा किंचित लहान असते. त्यामुळे एका तिथीमागे भरती सरासरी ४८ मिनिटं पुढे जाते. पाऊणपटीत ४५ धरली आहेत. दर तिथीला तीन मिनिटं मागे, म्हणजे दशमीपर्यंत अर्ध्या तासाचा फरक. मी मोठ्या तोऱ्यात हे सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग ती तीन मिन्टं तू धर गो. आमाला पाऊन बरा."

ते वेळेपेक्षा जास्त बघतात ते उधाण की भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, बहुतेकदा एक-दोन दिवस उलटून, उधाण असतं. भरती मोठी, ओहोटीही मोठी, आणि मधला प्रवाह जोरात. अष्टमीनंतरच्या दिवसांत भांग, पाणी आळसावलेलं. आम्ही होडी घेऊन गेलो तो दिवस ऐन उधाणाचा. त्यात एक धोका आणखी असतो. उधाण ओसरायला लागल्यावर ऐन भरतीला होडी टेकली, तर पुढची प्रत्येक भरती आधीच्याहून बुटकी, आणि होडी पंधरवडाभर तिथेच. असं एकाचं झालेलंही सासऱ्यांनी बघितलंय.

मोबाइलवरच्या आकड्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण दर पावसाळ्यात आमच्या ऑफिसात त्यावरून घबराट होते. "आज ४.८ मीटरची भरती!" म्हणजे दीड मजला उंच पाणी येणार, असं लोकांना वाटतं. तो आकडा जमिनीपासून मोजलेला नसतो. ओहोटीला पाणी साधारण ज्या सर्वांत खालच्या पातळीला जातं, त्या शून्यापासून तो मोजतात. आणि मुंबईचं म्हणून जे वेळापत्रक छापतात ते अपोलो बंदरचं असतं. खाडीच्या आत पाणी पोहोचायला त्याहून उशीर लागतो, आणि ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याला आपल्या दिवाळ्यापेक्षाही जास्त. किती, ते जागेवर बसून घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. माझी वही त्यासाठीच.

अर्थात पावसाळ्यात तो आकडा फुकटही नसतो. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडी भरून उठवलेला. पावसाचं पाणी आधी धारण तलावात येतं आणि खाडी खाली गेली की झडपांतून बाहेर पडतं. बाहेर मोठी भरती असली की झडपा बंद, आणि वरून धो धो पाऊस असेल तर पाणी रस्त्यावरच थांबतं. पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्या बहुतेक दुपारच्या, हिवाळ्यातल्या रात्रीच्या. म्हणून त्या हिवाळ्यात कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

वाऱ्याचं गणित मला अजून नीट जमत नाही. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, दुपारनंतर खारा वारा, हे शाळेत पाठ केलं होतं. पण वारा आणि पाणी समोरासमोर आले की काय होतं ते एका मे महिन्यात बघितलं. अटल सेतूच्या खालून घारापुरीकडे चाललो होतो, ओहोटी जोरात, पाणी बाहेर दक्षिणेकडे निघालेलं. तोवर ठीक होतं. अडीचनंतर नैर्ऋत्येकडून वारा सुटला, सरळ पाण्याच्या तोंडावर. दहा मिनिटांत लाटा आखूड आणि उभ्या झाल्या. उंची फार तर कमरेएवढी, पण एक उतरते तोच दुसरी, होडीचं नाक वर यायला सवडच नाही. खांबांजवळ तर पाणी फिरत होतं. नवऱ्याने वेग कमी केला आणि लाटेला किंचित तिरकं धरून होडी वळवली. भिजलो सगळे. सासऱ्यांचा उपाय सोपा होता. तासभर कुठेतरी आडोशाला थांबायचं, पाणी फिरलं की वारा आणि पाणी एका दिशेला, आणि त्याच वाऱ्यात दर्या निम्मा होतो.

वादळाच्या इशाऱ्याचा बावटा मात्र ते कधी वादात घेत नाहीत. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी बांधायची, मग आकाश कितीही निरभ्र असो. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात पावसाळा संपला म्हणून सगळे बाहेर होते. कोकणातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत. त्यांच्या ओळखीचे दोघे त्यात होते. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं, तेव्हा मी होडीला दोर बांधायला मदत केली. सासऱ्यांनी माझी प्रत्येक गाठ सोडून परत बांधली.

आता आमच्या होडीत चार गोष्टी कायम असतात. खुणा केलेला बांबू, लाइफ जॅकेटं, जादा पाण्याचा कॅन आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला तटरक्षक दलाचा १५५४ नंबर. जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. आमची होडी तेव्हा अंगणात उलटी असते, त्यामुळे यादी तपासायला वेळ मिळतो.

भाऊ पुन्हा येतोय. मी तारीख नाही विचारली, कालनिर्णय उघडलं. रविवारी अष्टमी, म्हणजे भरती सहा वाजता, माझी मिनिटं धरून सव्वासहा-साडेसहा. पाण्याचा जोर कमी. साडेतीनला निघायचं, चढत्या पाण्यावर. टेकलोच कुठे तर पाणीच उचलेल. त्याला कळवलंय की या वेळी चप्पल पट्ट्याची आण. कुरमुऱ्याचे दोन पुडे घेतलेत. डासांची अगरबत्ती सासऱ्यांनीच होडीत टाकून ठेवली, न बोलता.