रायलेची पूर्व बाजू: एकटीने आणि काटकसरीने

क्राबी प्रांतातील रायले हा थायलंडच्या मुख्य भूमीचाच एक लहानसा तुकडा आहे. परंतु चुनखडीच्या उभ्या कड्यांनी त्याची मागची बाजू अशी बंद केली आहे की तेथे रस्त्याने पोचता येत नाही, नावेनेच उतरावे लागते. त्यामुळे बाहेरची वाहतूक येथे शिरत नाही आणि शांतता टिकून आहे. मात्र बर्फ, भाजी, गॅसच्या टाक्या, पिण्याचे पाणी असे सगळेच समुद्रावरून येत असल्याने प्रत्येक वस्तू किनाऱ्यापलीकडच्या गावापेक्षा महाग मिळते. मोजके पैसे घेऊन एकटीने राहायला ही जागा सोयीची नाही, असे मला पुष्कळांनी सांगितले होते. राहून आल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. रायले स्वस्तात जमते. फक्त महिना, किनाऱ्याची बाजू आणि नावेची वेळ या तीन गोष्टी विचारपूर्वक ठरवाव्या लागतात.

महिना मी सप्टेंबर निवडला, म्हणजे भर पावसाळा. कोकणात जूनमध्ये पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वाराच अंदमान समुद्र ओलांडून क्राबी आणि फुकेतच्या किनाऱ्यावर जातो, आणि तेथे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा गर्दीचा हंगाम. त्यातही नाताळ ते नववर्ष हे दिवस सर्वांत महाग. पावसाळ्यात काही हॉटेले सरळ बंद होतात आणि जी उघडी राहतात त्यांचे दर बरेच खाली येतात. एकट्या माणसासाठी ही उतरण दोघांपेक्षा जास्त मोलाची असते, कारण खोलीचे भाडे माणशी नसून खोलीमागे असते आणि दुसरी खाट रिकामी राहिली तरी तिचे पैसे भरावेच लागतात. माझी पंख्याची खोली डिसेंबरमध्ये जवळजवळ दुप्पट भाड्याने जाते, असे तिच्या मालकिणीनेच मला सांगितले. पाऊस आपल्याकडच्या आषाढासारखा दिवसेंदिवस लागून राहिला नाही. दुपारी तास-दोन तास कोसळे आणि नंतर उघडीप मिळे. ज्यांना निळ्या पाण्याचे छायाचित्रच हवे आहे त्यांनी मात्र या महिन्यात जाऊ नये.

व्हिसाचा खर्चही मला आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिली; त्यापूर्वी विमानतळावर उतरल्यावर व्हिसासाठी २,००० बाथ मोजावे लागत. माझ्यासारखीच्या अंदाजपत्रकात ही रक्कम लहान नव्हती.

आता बाजूंविषयी. रायलेचा सखल भाग चिंचोळा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे. पश्चिमेला पांढऱ्या वाळूची पुळण, पोहण्याजोगे पाणी, सूर्यास्त आणि अर्थातच महाग रिसॉर्टे. पूर्वेला खारफुटी आणि चिखल. ओहोटीला पाणी दूरवर मागे सरते आणि तेथे पोहण्याचा प्रश्नच उरत नाही. या दोन किनाऱ्यांमध्ये चालत जेमतेम पाच-सात मिनिटांचे अंतर आहे. तेवढ्या चालण्यासाठी भाड्यात एवढा फरक पडत असेल, तर चिखलाकडे तोंड केलेली खोली घेण्यात मला काहीच कमीपणा वाटला नाही. शिवाय पावसाळ्यात पूर्व बाजूचा खरा उपयोग कळतो. पश्चिमेकडून लाटा थेट आत येतात आणि जवळच्या आओ नांग गावाहून सुटणाऱ्या नावा खवळलेल्या दिवशी बंद राहतात. पूर्व किनारा मात्र कड्यांच्या आडोशाला असल्यामुळे पूर्वेकडच्या आओ नाम माओच्या धक्क्यावरून तेथपर्यंतची वाहतूक चालू राहू शकते. हंगामात दुय्यम ठरणारी बाजू या महिन्यांत खात्रीची ठरते.

याला पर्याय म्हणजे आओ नांगमध्ये राहणे. तेथे डॉर्मिटरीतली खाट रायलेच्या कोणत्याही खोलीपेक्षा स्वस्त मिळते, आणि बरेच जण तेथे राहून दिवसा रायलेला येऊन जातात. परंतु नावेचे एका वेळचे १०० बाथ, म्हणजे येण्याजाण्याचे रोज २०० बाथ, त्या खाटेच्या भाड्यात मिळवले की फरक फार थोडा उरतो. संध्याकाळी सहानंतर नावेचा दर वाढतो आणि प्रवासी कमी होतात, म्हणून परतीची घाई मागे लागते ती वेगळीच. एक-दोन दिवसांसाठी आओ नांग बरे. त्याहून अधिक राहायचे असेल तर पूर्व रायले.

या नावांची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. लांब दांड्याच्या टोकाला पंखा आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला मोटारीचे जुने इंजिन, अशी ही लाकडी होडी असते. नावाडी दांडा उचलून घेऊ शकतो, म्हणून ती अगदी उथळ पाण्यातही चालते. नाळेला रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात; त्या नावेच्या रक्षक देवतेसाठी, माए या नांगसाठी असतात. नाव वेळापत्रकावर सुटत नाही, आठ माणसे जमली की सुटते. हंगामात ती काही मिनिटांत जमतात. सप्टेंबरमध्ये सकाळी लवकर गेले तर तासभरही बसावे लागते. ज्याला थांबवत नाही त्याने उरलेल्या जागांचे पैसे भरावेत, म्हणजे नाव लगेच निघते. चौघांच्या कुटुंबाला ते परवडते. मी तिकीटखिडकीशेजारच्या बाकावर बसत असे, आणि थोड्याच दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास माणसे आपोआप जमतात हे लक्षात आल्यावर त्याच वेळी जाऊ लागले.

भरती-ओहोटीचे गणित मात्र मला घरून येत होते. आमच्याकडे कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते तास क्राबीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण रोज सुमारे पन्नास मिनिटांचा उशीर आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण या गोष्टी तेथेही तशाच असतात. पहिल्या दिवशीची ओहोटी एकदा घड्याळावर पाहून ठेवली की पुढच्या दिवसांचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज उपयोगी पडतो तो शेजारच्या तोनसाई किनाऱ्याला जाताना. रायलेच्या पश्चिम किनाऱ्याच्या टोकाला जे खडक आहेत, त्यांवरून ओहोटीच्या वेळी पलीकडच्या तोनसाईला फुकट जाता येते; भरतीच्या वेळी एक तर जंगलातली चिखलाची वाट धरावी लागते, नाहीतर नाव करावी लागते.

तोनसाई हा गिर्यारोहकांचा अड्डा आहे. या कड्यांवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रस्तरारोहण सुरू झाले आणि आज ते रायलेचे मुख्य आकर्षण आहे. एकट्याने आलेल्या माणसाला येथे अडचण अशी की दोर धरायला दुसरा माणूस लागतो. तोनसाईच्या चहाच्या टपऱ्यांवर बसून असे जोडीदार शोधणारे पुष्कळ भेटतात. परंतु मी नवखी असल्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षण संस्थेची अर्ध्या दिवसाची गटफेरी घेतली. हा माझ्या मुक्कामातला सर्वांत मोठा खर्च होता आणि तो मला मुळीच जड वाटला नाही. कडे बाहेरच्या बाजूला इतके झुकलेले आहेत की पाऊस पडत असतानाही काही ठिकाणी खालचा खडक कोरडा राहतो, आणि आम्ही धारांच्या पडद्यामागे चढत होतो.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींमध्ये प्रा नांगचा किनारा सर्वांत सुंदर आहे. पूर्व किनाऱ्यावरून एका महागड्या रिसॉर्टच्या कुंपणाला लागून, डोक्यावर लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांखालून पायवाट तेथे जाते. वाटेत माकडे असतात आणि हातातली पिशवी ती ओळखतात. किनाऱ्याच्या टोकाला राजकुमारी प्रा नांगची गुहा आहे. समुद्रात जाण्यापूर्वी कोळी तिला नवस बोलतात आणि लाकडात कोरलेली लिंगे वाहतात. गुहेत त्यांचा लहानमोठा ढीगच आहे. पुष्कळसे पाश्चात्त्य पर्यटक तेथे उभे राहून हसत छायाचित्रे काढत होते. ज्यांच्या गावाकडे पिंडीला रोज पाणी घातले जाते, त्यांना त्यात हसण्यासारखे फारसे काही सापडू नये.

पी पी बेटांची सहल मी केली नाही. तिथली प्रसिद्ध माया खाडी पर्यटकांच्या लोंढ्याने खराब झाल्यामुळे २०१८ मध्ये बंद केली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली. आताही प्रवाळाला विश्रांती म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती बंद ठेवतात. त्यामुळे तो मोह आपोआप टळला.

जेवणाविषयी थोडक्यात: किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांत बसू नये, आतल्या गल्लीत मुस्लिम कुटुंबे चालवतात त्या ठेल्यांवर जावे. केळ्याची रोटी, भात आणि अंडे, मासामान रस्सा हे सर्व तेथे मिळते. शाकाहारी माणसाने माशाचा अर्क घालू नका असे स्पष्ट सांगावे लागते. न सांगता तो भाजीतही पडतो. रोख पैसे मात्र एकदाच आणि पुरेसे काढावेत, कारण परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून अधिक शुल्क घेते. १,००० काढा की १०,०००, शुल्क तेवढेच.

एकट्या बाईने तेथे राहावे का, हा प्रश्न मला परतल्यावर सर्वांत जास्त विचारला गेला. वस्ती इतकी लहान आहे की दुसऱ्या दिवसापासून ठेलेवाले आणि नावाडी तोंडओळखीचे होतात, आणि रात्री उशिरापर्यंत गल्लीत दिवे आणि माणसे असतात. तोनसाईची जंगलवाट मी अंधार पडल्यावर टाळली, तीही माणसांपेक्षा निसरड्या मुळांमुळे. खोलीच्या दाराला आतून चांगली कडी आहे का, हे मात्र पैसे देण्यापूर्वी पाहिले.

चाकांची बॅग येथे नेऊ नये. पश्चिम किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. परतीच्या दिवशी विमानाच्या वेळेआधी बराच अवधी हाताशी ठेवावा. मी निघाले त्या सकाळी पूर्वेच्या धक्क्यावर सहाच जण जमले होते, पाऊस भरून आला होता आणि सातवा माणूस येण्याचे चिन्ह दिसत नव्हते. सहाही जण एकटेच प्रवास करणारे होते. उरलेल्या दोन जागांचे २०० बाथ आम्ही आपसांत वाटून भरले आणि नाव सुटली.