टायरची आतली बाजू

पहिला पाऊस रात्री पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे रांग लागते. तुर्भ्याला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आमचं टायरचं दुकान आहे. वडिलांनी पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली, आता अलाइनमेंटचं (चाकांची दिशा जुळवायचं) आणि बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायचं) मशीन आहे. गेल्या जूनमधल्या अशाच एका सकाळी टेम्पो आणि टॅक्सींच्या मधोमध एक बुटकी लाल गाडी येऊन थांबली. दोन सीट, कापडी छप्पर, पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले. मझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. १९८९ साली ही गाडी बाजारात आली, पण आपल्याकडे ती कधी विकलीच गेली नाही. मझदा म्हटलं की आपल्याला स्वराज मझदाचे छोटे ट्रक आठवतात.

गाडीतून उतरले ते सीवूड्सचे एक काका, सत्तरीच्या आसपासचे. आयुष्य बोटीवर गेलेलं, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त. मधली काही वर्षं इंग्लंडमध्ये किनाऱ्यावरची नोकरी होती, परत येताना गाडी सोबत आणली. नंबर प्लेट एमएच-०४ची, कारण तेव्हा नवी मुंबईला स्वतःचा एमएच-४३ मिळालेला नव्हता.

"काल रात्री पाम बीच रोडवर गाडीची शेपटी फिरली रे," काका म्हणाले. "करावेच्या सिग्नलला ब्रेक मारला, वेग पन्नासच्या आत. मागचा भाग सरळ डाव्या हाताला निघाला. नशीब, बाजूला कोणी नव्हतं. अलाइनमेंट बघ जरा."

दोन वर्षांपासून हे चाललं होतं. पावसाळ्यात गाडी घसरते म्हणून एका गॅरेजवाल्याने चारही शॉकअप (धक्के झेलणारे) बदलले होते, दुसऱ्याने सस्पेन्शनचे रबरी बुश. दोघांनी पैसे घेतले, गाडी घसरायची तशीच घसरत राहिली. टायरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत माझंही गेलं नाही. मी टायरच्या नक्षीत खोली मोजायचा गेज घातला, सहा मिलिमीटर भरली. नवा टायर साधारण आठचा असतो, कायद्याने कारला किमान १.६ लागते. मग टायरला काय झालंय? मी गाडी अलाइनमेंटला घ्यायला सांगितली.

खटकलं ते हवेमुळे. अलाइनमेंटआधी हवा तपासतो, तर चारही चाकांत ३५ पीएसआय (हवेचा दाब). आणि नक्षी कडेपेक्षा मधोमध जास्त झिजलेली. ही गाडी भरते साधारण साडेनऊशे किलो. दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी अजून शाबूत होती, तिच्यावर पुढे-मागे दोन्हीकडे २६. पेट्रोल पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांत भरतो तेवढी हवा हिच्यात भरत आला होता. एवढ्या हलक्या गाडीत ३५ भरली की टायर मधे फुगतो आणि रस्त्याला जेमतेम मधली पट्टी टेकते.

म्हटलं, टायर नीट बघूच. कोणत्या आठवड्यात बनला ते शोधायला लागलो तर आकडा सापडेना. चार अंकांचा तो शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूच्या अक्षरांत तो नसतो. बसवणाऱ्याने टायर उलटा बसवला की तो आत जातो, आणि गाडी वर उचलल्याशिवाय दिसत नाही. जॅक लावतानाही जपावं लागलं. या गाडीच्या कडेचा पत्रा पटकन दुमडतो, म्हणून पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या पट्टीखाली) आणि मागे डिफरन्शियलखाली (मागच्या चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याखाली) लाकूड देऊन उचलली. चिखल पुसून बॅटरी मारली. २२१०. म्हणजे २०१० सालचा बाविसावा आठवडा. चारही चाकांवर तोच.

मी काकांना खाली वाकून बघायला लावलं. खोबणीच्या तळाशी केसासारख्या चिरा होत्या. नख दाबलं तर रबरात रुततच नव्हतं, बॅकेलाइटवर, जुन्या स्विचच्या कडक प्लास्टिकवर, दाबावं तसं.

"पण मी चालवतोच किती? वर्षाला हजार किलोमीटर नाही होत," ते म्हणाले.

इथेच बहुतेक लोक फसतात. रबरात मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दबतो, सुटतो, त्या हालचालीत ते मेण वर येऊन हवेतल्या ओझोनपासून रबराला सांभाळतं. गाडी उभी राहिली की ते वर येणं मंदावतं. त्यात आपल्याकडचं ऊन आणि वर्षानुवर्षांची उष्णता. रबर कडक होत जातं आणि नक्षी मात्र जिथल्या तिथे, कारण झिजायला गाडी चाललीच नाही. कोरड्या रस्त्यावर हे लवकर कळत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ एक होते, तेव्हा कळतं. त्यातून ही मागच्या चाकांवर चालणारी, आणि या गाडीला एबीएसही (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही.

काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोटीवर दहा वर्षं जुनी ओ-रिंग, साधी रबरी कडी, मी पंपाला लावू दिली नसती. पाकिटावरची तारीख बघायचो. आणि घरच्या गाडीची चौदा-पंधरा वर्षांत एकदा नाही बघितली." त्यांचा आवाज उतरला होता. मी त्यांना बाकड्यावर बसवून चहा सांगितला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं: टायर निवडायचे कोणते? कंपनीचं माप १८५/६० आर १४, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६० टक्के, रिम १४ इंची; भार-वेगाचं रेटिंग ८२ एच. काकांच्या मुलाने पुण्याहून फोनवर सुचवलं की १७ इंची अलॉय रिम टाका, २०५/४०. दिसायला देखणी झाली असती. मी कागदावर आकडे मांडले. मूळ चाकाची उंची ५७८ मिलिमीटर, त्याची ५९६, म्हणजे तीन टक्के जास्त. मीटर कमी वेग दाखवणार. पण ती बाब छोटी. मूळ टायरची भिंत १११ मिलिमीटर, त्याची फक्त ८२. पावसाळ्यातले आपले रस्ते बघता पहिल्याच मोठ्या खड्ड्यात रिमला मार बसला असता. शिवाय हलक्या गाडीला रुंद टायर लावला की पाणी कापायला वजनच पुरत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. जास्त रबर म्हणजे जास्त पकड, हे सरसकट खरं नाही.

काकांनी स्वतः मऊ रबराच्या, ट्रॅकवर चालणाऱ्या टायरबद्दल वाचलं होतं. ते टायर कोरड्या रस्त्याला फार छान चिकटतात. पण त्यांच्यात खोबण्या कमी असतात, आणि इथे चार महिने पाणी आहे. भाच्याकडून इंग्लंडहून मागवू का, असंही त्यांनी विचारलं. जून २०२० पासून बाहेरून नवे टायर आणायला सरकारी परवाना लागतो, आणि इथे विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआय शिक्का सक्तीचा. तो रस्ता बंद.

मला स्वतःला मोह झाला १५ इंचाचा. १९५/५० आर १५ची उंची ५७६, मूळ मापापासून दोन मिलिमीटरही दूर नाही. चार नट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, हे गणित आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांसारखंच, त्यामुळे डिस्कही (रिम) मिळाल्या असत्या. पण काकांचा जीव मूळ डिस्कवर होता. सात पाकळ्यांची ती डिस्क मी एका हाताने उचलली तेव्हा मलाही पटलं. इतकं हलकं चाक काढून जड बाजारी डिस्क लावणं म्हणजे या गाडीतलं गाडीपण काढून घेणं.

मग फोन सुरू झाले. १७५/६५ आर १४ कुठेही मिळत होता, उंचीही जवळपास तीच, पण सगळे 'टी' वेगाचे, म्हणजे ताशी १९० किलोमीटरचे. 'एच' म्हणजे २१०. एक डीलर म्हणाला, तुमचे काका दोनशेने थोडेच जाणार आहेत? बरोबर आहे, नाही जाणार. पण कंपनीने गाडी ज्या रेटिंगवर बसवली त्याच्या खाली उतरायचं नाही, हा वडिलांचा नियम आहे आणि मी तो मोडत नाही. दुसऱ्याकडे नेमकं माप होतं, किंमतही कमी सांगितली. मी आठवडा विचारला. बराच वेळ फोनवर शांतता, मग उत्तर आलं, चार वर्षांपूर्वीचा. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला चार वर्षं आधीच खर्ची पडलेला टायर मी देणार नव्हतो. शेवटी तिसऱ्या दिवशी पुण्याहून चार नग आले. १८५/६० आर १४, ८२ एच, बनून तीन महिने झालेले, साधे टूरिंगचे, चार खोल उभ्या खोबण्या असलेले.

बसवताना चारही शिक्के बाहेरच्या बाजूला घेतले. व्हॉल्व्ह नवे टाकले. ही गाडी बॅलन्सिंगच्या बाबतीत फार हळवी आहे. नव्वद-शंभरच्या आसपास स्टीअरिंग थरथरतं. आमचं मशीन नेहमीच्या सेटिंगला पाच ग्रॅमखालचा फरक शून्य दाखवतं, म्हणून बारीक सेटिंगवर घेऊन ग्रॅम-ग्रॅम जुळवला आणि चिकट वजनं आतल्या बाजूने लावली. एकेका चाकाला वीस मिनिटं गेली. बाहेर रांग ओरडत होती, वडिलांनी ती सांभाळली. नट गनने न आवळता टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) आवळले, हवा २६.

दुपारी चारला पाऊस जोरात आला. काका म्हणाले, चल. वाशीच्या बाजूने पाम बीचला लागलो, खाडीवर सगळं पांढरं झालेलं. कापडी छपराखाली पाऊस डोक्यावरच वाजत होता. करावेच्या अलीकडे रस्ता मोकळा बघून, आरशात दोनदा बघून त्यांनी ब्रेक दाबला. पन्नासवरून शून्य. मी मागच्या बाजूची वाट बघत होतो, ती हललीच नाही. काकांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून वायपरकडे बघत बसले.

आठवड्याने काका नट पुन्हा तपासायला आले तेव्हा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक पट्टी चिकटवलेली दिसली. बोटीवरच्या नळ्यांना लावतात तसल्या पक्क्या पट्टीवर, मराठीत आणि हिंदीत: हवा फक्त २६. खाली टायरचा आठवडा आणि साल. पंपावरचा पोरगा तरी वाद घालतोच, असं म्हणाले.